झिंगरी

स्मरणिकेसाठी दोन पानं मागितलीत, सरपंच.
दोनच, आणि खाली जाहिरात कृषी केंद्राची.
ठीक. लिहितो.

साल कुणालाच धड ठाऊक नाही.
पहिल्या मोजणीच्या कागदावर एवढंच:
'मौजे कुंदखेड. गवत. लागवड नाही. पाणी नाही.'
त्यात चूक एकच, शेवटची.

पूर्णेच्या अलीकडं तेव्हा नुसता कुंदा,
बैलाच्या वशिंडाला टेकणारा,
मुळं काळ्या मातीत दोन-दोन हात,
आठ बैलांचा नांगर घातला तरी फाळ उलटून यायचा.
दारव्ह्याकडून नऊ गाड्या आल्या
त्या गवतात एकमेकींना दिसेनात.
रात्री प्रत्येक गाडीवर थाळी वाजवत.
नऊ थाळ्या वाजल्या की झोप.

एका रात्री आठच वाजल्या.
नववी ठकूबाई धांडेची.
गावठाण आखायच्या आधी
मसणवटा ठरला.

एक एकर कुंदा काढायला
चार माणसं, चार सब्बला, एक उन्हाळा.
मुळांचे ढीग पेटले की पूर्णेपलीकडच्यांना वाटे
कुणाचं तरी गाव जळतंय.
इकडं तर गावच नव्हतं अजून.

यल्लप्पा वडरानं विहीर बत्तीस हात उतरवली.
पाणी लागलं. गूळ वाटला.
पहिला घोट काशीराव धांडेनं घेतला
आणि बराच वेळ गिळला नाही.
मीठ.
दुसरी विहीर. मीठ.
तिसरीला कुणी गूळ आणला नाही.
बैल तेवढे खूश, थाळं चाटत उभे.

अमावास्या टळली की गाड्या परत जुंपायच्या, असं ठरलं.
त्याच आठवड्यात पारध्यांची दोन पालं उतरली,
काळविटांच्या मागं, फासे घेऊन.
त्यांच्यात एक बाई. काखेत मूल, डोक्यावर मडकं.
मडक्यात पाणी.
"हे पानी कुठलं वं?" धांडेच्या सुनेनं विचारलं.
बाई बोलली नाही. चालू लागली.
जाताना फक्त गवत बघत होती,
कुठं त्याचा रंग उतरतो, कुठं त्यात लव्हाळा शिरतो.
अर्ध्या कोसावर थांबली
आणि टाचेनं माती दाबली.

चार हात खणावं लागलं.
त्या दिवसाचा एकच शब्द उरलाय: गोड.

पुढचं तुम्हाला पाठ आहे.
पाटील, शिक्का, चावडी, सरकी, जिनाची शिट्टी.
कुंदा गेला तसे काळवीट गेले,
काळवीट गेले तशी पालं येईनाशी झाली.
एकदा आली होती. तुरीतून वाट काढली म्हणून
ठाण्यावर पोचवली, दोर लावून,
गावच्या कोतवालाबरोबर.
तो कोतवाल माझा पणजा.
त्याच गोड विहिरीत
त्याला स्वतःची बादली टाकता येत नव्हती
मरेपर्यंत.
हे छापू नका हवं तर.
नाही, छापा.

नकाशात ती जागा अशी आहे:
सर्व्हे नंबर एकोणचाळीस, विहीर, पक्की.
पण माझ्या लहानपणी बाया घागरी उचलून म्हणायच्या,
झिंगरीवर जाऊन येतो.
हे त्या बाईचं नाव, की काखेतल्या पोरीचं,
की तिच्या बोलीत ओलाव्याला म्हणतात तसं,
मी विचारत फिरलो. विचारायला
उशीर झाला होता.

विहीर आता बुजली. त्यावर बसथांबा आहे.
नळयोजना आली, चार दिवसांआड, तासभर.
आज सकाळी हे लिहीत बसलो होतो
तर गल्लीतून शेजारणीचा आवाज:
"झिंगरी आली काय वं?"
"आली. धार बारीक हाये.
घागर लाव."